सातव्या पायरीचं दार

कपाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर चहाचं एक ओलं वर्तुळ उमटलं होतं आणि ते नेमकं दोन रंगांच्या सांध्यावर आलं होतं — खाली सातवी लेव्हल, वर आठवी. डर्व्हलाने ते बोटाने पुसायला घेतलं तर ते आणखीच पसरलं. या चकत्या तिनेच छापून घेतल्या होत्या, कॉलेजात कुणालाच लेव्हल धड पाठ नाहीत म्हणून: देशातल्या सगळ्या शिक्षणाचा उघडलेला पंखा, अक्षरओळखीपासून डॉक्टरेटपर्यंत दहा रंगीत पट्टे... आणि एकाही पट्ट्यावर बाण नाही. बाण नाही हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं. म्हणजे यातून वर जायचं की खाली यायचं — पण खाली कोण येतं? एकदा मिळालेली पायरी कुणी काढून घेत नाही, हेच तर आपण इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी चहाबरोबरचे स्कोन, छोटे गोडसर पाव, मांडत होतं. समितीची माणसं अजून पोचायची होती. दर काही वर्षांनी प्रत्येक अभ्यासक्रम बाहेरच्या कॉलेजांतल्या जाणत्या मंडळींसमोर ठेवावा लागतो. आज अन्नशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीचा दाखवण्याचा कार्यक्रम होता, आणि असे कार्यक्रम घडवून आणणं, ते नियमात बसवणं, मुलीकडच्यांनी काय बोलावं आणि काय बोलू नये हे आधी पढवून ठेवणं ही डर्व्हलाची नोकरी. दर्जा सांभाळणारी अधिकारी. घरी फर्गल, म्हणजे तिचा नवरा, पाहुण्यांना सांगतो, आमची ही काय करते ते मला विचारू नका, पण देशात तिच्याशिवाय कुणाला पदवी मिळत नाही. पाहुणे हसतात. तीही हसते.

फोन तिने पालथा ठेवला होता. सकाळचा मेसेज आता पाठच झाला होता. ‘मम, मी सातवर थांबतेय. मॅलकीला सांगितलंय, आज तो नाव वर पाठवेल. प्लीज कुणाशी बोलू नकोस.’ साइव्ह. तिची मुलगी, याच कॉलेजात, याच अन्नशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. चार वर्षं पुरी केली की आठवी लेव्हल, ऑनर्सची पदवी. तीन वर्षांवर बाहेर पडलं तर सातवी, साधी पदवी; त्यासाठी विभागप्रमुखाने, म्हणजे मॅलकीने, नाव वर पाठवायचं. पूर्वी मध्येच सोडणाऱ्याच्या हातात काहीच पडत नसे. मग हे मधलं दार आलं. या अभ्यासक्रमाला ते कुणी बसवलं? मीच बसवलं. माहितीपत्रकातलं वाक्यही माझंच — इथे कुणी अर्धवट सोडत नाही, प्रत्येकजण काहीतरी पुरं करून जातो.

मग मला आनंद व्हायला हवा. होत का नाही?

फर्गलने मेसेज वाचला होता, पावाला लोणी लावता लावता. ‘बरी राहील ती,’ म्हणाला. त्याचं सगळ्यालाच हे उत्तर असतं, गळक्या पन्हळीलाही आणि स्वतःच्या हृदयालाही. साइव्हने कारण दिलं नव्हतं. मार्क चांगले होते. मुलगा वगैरे कुणी नव्हता, निदान डर्व्हलाला माहीत असलेला तरी. नोकरी ठरलेली नव्हती. नुसतं ‘थांबतेय’. कारण असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

आणि मग एकाएकी आई आठवली, फुलाफुलांच्या एप्रनमधली, चूल तापवून फळांचा केक करणारी... डर्व्हलाने टेक्निकल कॉलेजातून दोन वर्षांचं सर्टिफिकेट आणलं तेव्हा आईने फादर कॉमिन्सना चहाला बोलावलं, पोरगी शिकून मोकळी झाली म्हणून. पुढच्या वर्षी डिप्लोमा झाला, पुन्हा फादर, पुन्हा केक. मग गॉलवेला जाऊन पदवी पुरी केली तेव्हा फादर दारातच म्हणाले, ‘ही पोरगी अजून किती वेळा मोकळी होणार आहे?’ आई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. त्या डिप्लोम्याला तेव्हा लेव्हल नव्हती, पण आजच्या हिशेबाने ती सातवीच्या आसपासच भरेल. त्याच पायरीवर केक झाला होता. तीच उंची, तोच रंग — मग आज मला केक का सुचत नाही?

समिती आली. अध्यक्षा इमेल्डा प्रेंडरगास्ट कॉर्ककडच्या, बारीक चणीच्या, प्रत्येक वाक्य कौतुकाने सुरू करणाऱ्या. त्यांच्या कौतुकाला सगळे विभागप्रमुख टरकून असतात. सकाळ बरी गेली. अन्नशास्त्राचा प्रमुख मॅलकी टॅनियन पढवल्याप्रमाणे बोलला, एकदा तर पढवल्यापेक्षा बरं बोलला. डर्व्हलाकडे मात्र तो बघत नव्हता. त्याला माहीत होतं. साइव्ह बापाचं आडनाव लावते, त्यामुळे समितीतल्या कुणाला पत्ता नव्हता, पण मॅलकीने तर तिला शाळेच्या गणवेशात पाहिलेलं.

जेवणाआधी समिती विद्यार्थ्यांशी एकटी बोलते, कॉलेजचं माणूस आत थांबत नाही. हा नियम कडक केला तोही डर्व्हलानेच. ती व्हरांड्यात उभी राहून मुलं मोजल्यासारखं करत होती, तेवढ्यात सगळ्यांत शेवटी हिरव्या टोपीचा कोट आला — साइव्ह. आईकडे बघून तिने भुवया उंचावल्या, म्हणजे मला विचारलं, मी हो म्हटलं, एवढंच... आणि आत गेली. दार लागलं. दाराच्या काचेवर तिनेच चिकटवलेला कागद, ‘कृपया व्यत्यय आणू नये’. आतून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. माझी मुलगी आत आहे आणि मला आत जायची बंदी आहे, आणि बंदी मीच घातलीय. हसावं की काय करावं तिला कळेना. ती तिथेच उभी राहिली, सँडविचचे ट्रे आणणाऱ्या बाईला वाट देत.

जेवणानंतर इमेल्डाबाईंनी चष्मा पुसला.

‘तुमची मुलं फार मोकळी आहेत हो. छान वाटलं. एकीने तर आम्हालाच प्रश्न घातला.’ त्यांनी समोरचा कागद पाहिला. ‘म्हणाली, हे मधलं दार ज्यांनी बसवलं, त्यांच्यापैकी कुणाचं मूल त्यातून बाहेर पडलंय का? आम्ही म्हटलं, हे आम्हाला कसं ठाऊक असणार. तुम्हाला विचारतो. तर डर्व्हला, आहे का कुणी?’

मॅलकी चहाच्या किटलीकडे बघत होता. हा साइव्हचा प्रश्न. तिचा आवाज त्यात ऐकू येत होता, तिची ती सरळ बघण्याची सवय. टोमणा होता का हा? की तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं? आणि माहीत करून घ्यायचं होतं तर स्वयंपाकघरात विचारायचं, पाच परक्या माणसांच्या तोंडून कशाला... पण स्वयंपाकघरात विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? सगळे थांबले होते. नाही म्हणावं तर आज संध्याकाळी ते खोटं होईल, हो म्हणावं तर अजून खरं नाही.

‘अजून तरी नाही,’ डर्व्हला म्हणाली.

समिती खळखळून हसली. इमेल्डाबाईंनी तर टेबलावर हलकेच थाप मारली. दिवस संपताना त्यांनी निर्णय वाचून दाखवला: अभ्यासक्रम मंजूर, दोन किरकोळ सूचना, आणि संबंधितांच्या प्रांजळपणाचं विशेष कौतुक. प्रांजळपणा! डर्व्हलाने मान लववून आभार मानले आणि तिचे कान तापले.

व्हरांड्यात मॅलकीने तिला गाठलं.

‘उत्तर झकास दिलंस.’

‘हं.’

‘हे बघ... तिचं नाव अजून माझ्याकडेच आहे. पाठवलेलं नाही. चांगली पोरगी आहे गं, एका वर्षाचा तर प्रश्न. आठवडाभर ठेवून घेतलं तर कोण विचारतंय? तेवढ्यात तिचं मनही बदलेल. मी काय, तू म्हणशील तसं.’

हो म्हणायचं नाही, हे ती त्याचं ऐकता ऐकताच ठरवत होती. पण नाही हा शब्दही तोंडात आला नाही, त्याच्या जागी दुसराच आला.

‘बघू,’ ती म्हणाली.

घरात तिच्या ‘बघू’चा अर्थ नाही असाच होतो, कुत्रा आणू या का, बघू, डब्लिनला राहायला जाऊ या का, बघू. मुलांना तो शाळेत जायच्या आधीपासून कळायचा. मॅलकी तिच्या घरात वाढलेला नव्हता. त्याने समजुतीने मान हलवली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला, आणि तो जिन्याच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की याने काय धरलं असेल. हाक मारावी. मारायलाच हवी. ती दोन पावलं पुढे गेली, मग हातातल्या फायली सरळ करत बसली.

गाडीच्या काचेवर रिमझिम होती. साइव्ह शेजारी बसून समितीच्या जेवणातलं उरलेलं अंड्याचं सँडविच खात होती, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी.

‘त्यांनी विचारला का माझा प्रश्न?’

‘विचारला.’

‘मग तू काय म्हणालीस?’

‘अजून तरी नाही, म्हटलं.’

साइव्ह चावायची थांबली. मग हसायला लागली, तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत, डर्व्हलाच्या आईसारखीच. ‘अजून तरी!’ ती म्हणाली. ‘मम, खरंच? त्या सगळ्यांसमोर? मला वाटलं होतं तू मनातून मरशील. रात्रभर झोपले नाही मी.’ तिने डर्व्हलाच्या हातावर हात ठेवला, बोटांना मेयॉनीज लागलेला, आणि तो तसाच राहू दिला. ‘म्हणजे चालेल तुला.’

डर्व्हलाने गाडी सुरू केली. मागे बघून ती वळवायला जरा वेळ लागतो, तो वेळ तिने पुरेपूर घेतला.

‘मॅलकीचा मेल आलाय,’ साइव्ह फोन बघत म्हणाली. ‘काहीतरी राहिलंय म्हणे, आजचं नाव पुढच्या आठवड्यावर गेलं. तू काही बोलली नाहीस ना त्याला?’

‘मी काहीच म्हणाले नाही.’

‘मग ठीक. त्याचं नेहमीचंच आहे.’

आणि तिने विश्वास ठेवला, लगेच, उरलेला तुकडा तोंडात टाकत. फाटकाशी डर्व्हलाने उगाचच दोन्हीकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. आता सांगता येईल, पुढच्या वळणाआधी, एकच वाक्य... ते वाक्य तिच्याजवळ होतं, फक्त ते कुठून सुरू करायचं ते सापडत नव्हतं. छातीतलं सकाळपासूनचं ओझं उतरलं होतं. साइव्हचं नाव थांबलं म्हणून, की तिने विश्वास ठेवला म्हणून, हे तिला ठरवता येईना. हायसं वाटत होतं एवढंच कळत होतं, आणि काही केल्या ते वाटायचं थांबत नव्हतं.