मेल्यावरचं हसू

परशासाहेब मेला की कोल्हापुरात पैसे उधळले जायचे. खरोखरच्या मरणाला नव्हे, पडद्यावरच्या. पिटातली माणसं खिशातला आणा-दोन आणा फेकायची, शिट्ट्या मारायची, कुणी फेटा उडवायचं. आता सांगितलं तर लोकांना वाटतं, म्हातारी थापा मारतीय. थापा मारायला माझं काय अडलंय? त्याच्या पिक्चरांत मीच आई व्हायचे की. कधी फासावर जाणाऱ्या पोराची, कधी गोळी खाणाऱ्याची. चिमणाबाई म्हणजे पांढरं लुगडं अन् डोळ्याला पदर, असा हिशेबच होता स्टुडिओत.

त्याचं खरं नाव पर्सी हॉलवे. जातीनं इंग्रज, धंद्यानं नट. लंडनला नाटकांत होता, रेडिओवर आवाज द्यायचा, तिकडच्या बोलपटांतही तोंड दाखवलेलं. लढाई लागली तशी सोल्जरांना नाटकं दाखवणाऱ्या कंपनीतनं हिंदुस्थानात आला. वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथं खेळ करायला म्हणून कोल्हापुरात उतरला तो उतरलाच. सत्तेचाळीस साली सगळे साहेब बोटीत बसून गेले अन् हा मंगळवार पेठेत झुंबरबाईच्या माडीवर भाकरी-आमटी ओरपत बसला. मी विचारलं, का रं बाबा राहिलास? तर म्हणाला, "तिकडं माझ्यासारखे ढिगानं हायती. हितं मी एकटाच."

हे असं बोलायचा. मराठी झुंबरबाईकडनं शिकला ना. विधवा बाई, एक लेक, ती बाळंतपणात गेली, मागं नातू राहिला पिराजी. बाई तोंडाची फटकळ, पण परशाला पोटच्यासारखं धरलं तिनं. पर्सीचा परशा तिनंच केला. डोळे मिटून ऐकलं तर कागलचा कुणी पाटील बोलतोय असं वाटायचं.

स्टुडिओवाल्यांना तर हा म्हणजे घरात आलेली गंगा. स्वातंत्र्य मिळालेलं, जो तो क्रांतिकारकांचे पिक्चर काढत सुटलेला, अन् गोरा कलेक्टर आणायचा कुठनं? आमच्यातल्याच एखाद्या घाऱ्या माणसाला टोप घालून उभा केला तर पिटातनं हाका यायच्या, "अरं, ह्यो तर आपला जोशी मास्तर." परशा अस्सल होता. पहिल्या रिळापासनं लोकांना चाबकानं फोडायचा, म्हाताऱ्यांना लाथा घालायचा, अन् शेवटच्या रिळात मरायचा. मरायचा मात्र असा की बघत राहावं. त्याला मारणाऱ्या गर्दीत तालमीतली पैलवान पोरं घ्यायचे. त्यांना खोटं मारता येत नव्हतं, अन् येत असतं तरी त्यांनी मारलं नसतं. एकदा दात पडला त्याचा. तोंडातलं रक्त थुंकून विचारतो काय, "शॉट बरा आला का?"

आमच्यात एक रीत होती. माणूस मेल्याचा शॉट झाला की कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. मेलेल्यानं उठायचं, भिंगात बघायचं अन् हसायचं. फिल्मवर मेलेलं तसंच राहिलं तर घरी खरं होतं म्हणतात. तेवढा तुकडा मग कापून टाकायचा. परशानं पहिल्यांदा थट्टा केली, पुढं तोच हट्ट धरायला लागला. घरी गेला की जिना चढायच्या आधी झुंबरबाई विचारायची, "मेलास व्हय आज?"

"मेलो की आक्का."

"हसलास का?"

"हसलो."

मग ती ताट वाढायची. हे मी कितीदा तरी तिच्या सोप्यात बसून ऐकलंय.

एकदा मेकअप पुसताना मला म्हणाला, "चिमणाबाई, एकदाच. मी मरावं अन् थेटरानं रडावं. मग मला काय बी नगं."

मी म्हटलं, "गोऱ्यासाठी कोल्हापूर रडतंय व्हय? डोस्कं फिरलंय का तुझं?"

मला वाटलं हसंल. तो हसला नाही, अन् माझ्या ध्यानात आलं, ह्याला हे लागलंय. त्या दिवसापासनं मला त्याची धास्तीच वाटायला लागली.

आमचे डायरेक्टर दत्तोपंत. आधी शाळामास्तर होते, मन मऊ अन् कणा त्याहून मऊ. त्यांनी परशासाठी एक गोष्ट लिहिली. प्लेगात गाव ओस पडतंय, एक गोरा डॉक्टर तिथं राहतो, लोकांना वाचवतो, एका विधवेचं पोर वाचवतो अन् शेवटी स्वतः प्लेगानं मरतो. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी गणपतराव पैसे घालायला तयार झाले, कारण आधीच्या पिक्चरांनी त्यांना चांगलं दिलं होतं अन् गोष्ट त्यांनी नीट ऐकली नव्हती. विधवा मी. पोर म्हणून परशानं पिराजीला आणलं. चार वर्षांचं पोर, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर टिकत नव्हतं. परशाला कान हलवता यायचे. चेहरा दगडासारखा ठेवून नुसते कान हलवायचा, अन् पिराजी असा खिदळायचा की स्टुडिओभर ऐकू जायचं. तसा खिदळवून तो त्याच्या तोंडात औषधाचा चमचा घालायचा. पोर दमून खाटेवर खरंच झोपलं, तोच शॉट घेतला. मग सकाळी उठून आईच्या गळ्यात पडतं तो शॉट. सगळं गोड होतं.

परशानं त्या कामाला जीव लावला. मरतानाचं बोलणं त्यानं झुंबरबाईला शंभरदा म्हणून दाखवलं असंल. "आई, तुमच्या मातीत मला जागा द्या," असं काहीतरी. झुंबरबाई चुलीपुढं बसून डोळे पुसायची अन् वर म्हणायची, "धूर लई झालाय आज."

पहिल्या खेळाला तो माझ्या शेजारी बसला होता, नवा कोट घालून. पडद्यावर त्याचा चेहरा आला अन् थेटर उठलं. शिव्या. शिट्ट्या. तो जखम बांधतोय तर पिटातनं ओरड, "पट्टीत इख हाय, बांधून घिऊ नगा." पोराला चमचा देतोय तर बायका हाय हाय करायला लागल्या. इतकी वर्षं आम्हीच शिकवलं होतं त्यांना, हा चेहरा दिसला की काय करायचं ते. अन् तो मरायला टेकला, मातीत जागा मागायला लागला, तशी पैशांची खणखण सुरू झाली. त्याचं एक वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघवलंच नाही मला.

पिक्चर आठवड्यात पडलं. लोक सांगत सुटले, साहेब ह्यात कुणाला मारतच न्हाय, फुकट मरतोय.

गणपतराव स्टुडिओत आले, खुर्चीत बसले, पान लावलं अन् म्हणाले, "दत्तोपंत, लोकांना काय पायजे ते पडद्यावर दिसतंयच की. नुसतं ऐकू येत न्हाय."

गुळाच्या व्यापाऱ्याची अक्कल, पण पाजी अक्कल. चित्र तेच ठेवायचं, बोलणं बदलायचं. डॉक्टर विष घालतोय. चमच्यात विष. झोपलेलं पोर म्हणजे मेलेलं पोर. पोर उठतं तो तुकडा कापायचा. मी पदर तोंडाला लावून आनंदानं रडते, त्यावर माझे शिव्याशाप चढवायचे. मग त्याला होतो प्लेग, देवाचा न्याय. दत्तोपंतांनी मान खाली घालून सगळी वाक्यं लिहून दिली. असल्या मऊ माणसांचा मला भारी संताप येतो. पाजी परवडला, निदान समोर दिसतो.

परशाचा आवाज द्यायला एक नकल्या आणला होता. तो 'टुम काला आडमी' करायला लागला. परशानं दारात उभं राहून ऐकलं. गणपतराव म्हणाले, "तू दे, न्हायतर ह्यो देतोय. आमचं काय अडत न्हाय."

परशानं नकल्याच्या हातातला कागद काढून घेतला. मग म्हणाला, "असला आवाज माझ्या तोंडाला लावू नगा. मी देतो."

नटाचा माज, दुसरं काय. अरे, नाही म्हण, निघून जा. पण स्वतःच्या तोंडाला वाईट आवाज लागलेला सोसला नाही त्याला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता अन् तो माईकपुढं उभा राहून पिराजीला म्हणत होता, "पी बाळा, गोड हाय. पुन्ना भूक लागायची न्हाय." इतकं हळू, इतकं मायेनं. साउंडवाल्यानं पहिल्याच झटक्यात ओके केलं.

मग माझी पाळी. मी शिव्या दिल्या, पण त्यात जोर येईना. परशा शेजारी येऊन म्हणाला, "चिमणाबाई, वरवरचं होतंय. तळतळाट पोटातनं काढा. तुमचं पोर मारलंय मी."

मी काढला. निर्वंश होईल म्हटलं, पाणी घालायला कुणी उरायचं नाही म्हटलं. तो टेबलाला टेकून ऐकत होता, झाल्यावर मान हलवली. "आता बरोबर," म्हणाला.

पिक्चर धो धो चाललं. कोल्हापूर झालं, सांगली-मिरज झालं, चंदगडपासनं माणसं एस्टीनं बघायला आली. परशा रस्त्यानं निघाला की बायका पोरं आत ओढायला लागल्या. एकदा माझ्यादेखत एकीनं पोराच्या तोंडात बोट घालून बघितलं, ह्यानं काही दिलं तर नाही ना. तो मला म्हणाला, "म्हंजे काम बरं झालंय म्हनायचं." अन् हसला. ते हसू मला आवडलं नाही.

झुंबरबाईला त्यानं बजावलं होतं, आक्का, ते पिक्चर बघाय जाऊ नगासा. का, ते सांगितलं नाही. जाऊ नको म्हटल्यावर बाई जाणार नाही असं होतंय का? गेली, अन् एकटी नाही, पिराजीला मांडीवर घेऊन गेली. आपला नातू पडद्यावर दिसतोय म्हणून शेजारणींनाही घेऊन गेली. तिनं बघितलं. पोरानं चमचा घेतला, झोपलं, अन् चिमणाबाई तोंडाला पदर लावून ओरडायला लागली, मारलं माझ्या लेकराला. शेजारणी तिच्याकडं बघायला लागल्या. ती पिराजीला उचलून घरी आली.

तिसऱ्या दिवशी पिराजीला ताप भरला. मी बघायला गेले तर ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती अन् परशा वरच्या पायरीवर.

"परशा, मेल्यावर हसवलंस का त्येला?"

तो पांढरा फटक पडला. त्याला ठाऊक होतं, अन् आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोर मेल्याचा शॉट आम्ही घेतलाच नव्हता की. झोपल्याचा घेतला, अन् मेल्याचा करून टाकला. पिराजी पडद्यावर रोज तीन खेळ मरत होता, अन् एकदाही हसला नव्हता.

परशा तसाच अनवाणी स्टुडिओत धावला. मी मागनं गेले. गणपतरावांच्या पायाशी बसून म्हणाला, एकदा कॅमेरा लावा, पोराचं हसणं घ्या, बास. गणपतराव म्हणाले, "तापलेलं पोर हसतंय व्हय? अन् कच्ची फिल्म काय झाडाला लागतीया?"

"पुढच्या पिक्चरात सांगाल तसा मरतो."

"ते तू मरणारच हाईस की."

दत्तोपंत तिथंच होते. त्यांनी चष्मा पुसला.

ताप आपोआप उतरला. पोर गल्लीत खेळायला लागलं. मला वाटलं, झालं, निभावलं. पण झुंबरबाईनं परशाची ट्रंक खाली आणून उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आक्का, ते पिक्चर हुतं," तो म्हणाला.

"मला कळतंय की. पिक्चर खोटं असतंय. पन पोर खरं हाय." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "तू लई चांगला हाईस परशा. जा आता."

त्यानं ट्रंक उचलली अन् परत खाली ठेवली. पिराजी आजीच्या लुगड्याआडनं बघत होता. परशा त्याच्यासमोर उकिडवा बसला. चेहरा दगडासारखा केला अन् कान हलवायला लागला.

मला कळलं तो काय करतोय. कॅमेरा नसला तरी चालंल, पोर एकदा हसलं पाहिजे. इतक्या पिक्चरांत मी त्याचं काम बघितलं, पण असं काम त्यानं कधी केलं नाही. कान हलवले, नाक हलवलं, डोळे तिरपे केले, घोड्यासारखा फुरफुरला. गल्ली जमली. पिक्चरात त्याला बडवणारी ती तालमीतली पोरंही आली. आधी एक हसलं, मग दुसरं, मग बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, सगळी गल्ली हसायला लागली. कुणीतरी एक आणा फेकला, तो ट्रंकेवर वाजला.

पिराजीनं त्याच्याकडं बघितलं. ओठ थरथरले, अन् त्यानं भोकाड पसरलं. आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून, श्वास कोंडेपर्यंत रडला.

कोल्हापुरात परशासाहेबाला बघून रडलेलं माणूस ते एकच.