टाकीपाशी की कोपऱ्यात

दोन्ही टोकांना जॅक आधीच बसवलेले होते. खोक्यातून निघालेली पांढरी, गुळगुळीत केबल, टोकं कारखान्यातच बंद करून आलेली... गजेंद्रनं एक टोक बोटांत धरून फिरवून पाहिलं. म्हणजे तारा सोलायच्या नाहीत, रंगांची ओळ लावायची नाही – पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा – हा आठ तारांचा पाढा त्यानं ज्याच्याकडून तीन महिने घोटवून घेतला होता, तो मनोज कंपनीचा टी-शर्ट घालून पुंजाजींच्या गच्चीवर उभा होता, आणि त्याला आता त्या पाढ्याची गरजच उरली नव्हती.

हिवरखेडपासून दीड कोसावर, सातपुड्याच्या पायथ्याशी पुंजाजींची केळी. शेतातच केळी पिकवायच्या थंड खोल्या, त्यांच्याच वर ही गच्ची. आतलं तापमान मोबाइलवर दिसतं, ते दिसायला नेट लागतं, आणि ते नेट सहा वर्षं गजेंद्रनं गावातल्या टॉवरवरून इथवर पोचवलं. नेटवाले भाऊ! लग्नपत्रिकेवरसुद्धा लोक हेच लिहीत. आता नेट उपग्रहावरून येणार – टॉवर नको, भाऊ नको. तरी पुंजाजींनी बोलावलं, तबकडी बसताना जाणता माणूस हजर असावा म्हणून, आणि मी आलो. कशाला आलो मी?

पाहायला आलो. मनोजची गाडी पाहायला, तिच्यावरचं कंपनीचं नाव पाहायला. चार वर्षांपूर्वी हा अमरावतीला गेला तेव्हा चंदानं, माझ्याच बायकोनं, याला भाकरी बांधून दिली होती. आणि आता पंचक्रोशीतली पहिली तबकडी त्याच्या हातून. गुरुवारी केळीचे सगळे व्यापारी पाहायला येणार, ही चालली की एकेक करून सगळे माझी लाइन सोडणार. पोटात दुखतं म्हणतात ते खरोखर पोटातच दुखतं, डाव्या बरगडीखाली. गजेंद्रनं तिथं हात दाबून धरला आणि केबल खाली ठेवली.

मनोज मोबाइल आभाळाकडं धरून गर्रकन फिरला. मग जवळ आला.

"भाऊ, जागा तुमीच सांगा. टाकीपाशी लावू का या कोपऱ्यात? ॲप तं दोनीकडं मोकळंच दाखवून राह्यलं."

मोकळंच दाखवणार. कोपऱ्याला लागून कडुनिंब होता, आणि दरवर्षी माघात पुंजाजी बकऱ्यांसाठी त्याचा पाला उतरवीत. आत्ता त्याचा नुसता बोडका सांगाडा उरला होता. पण तोच निंब आषाढात असा फोफावतो की या कोपऱ्यातून आभाळ दिसत नाही. अमरावतीच्या ॲपला काय ठाऊक बकऱ्या आणि माघ... हे एकट्या गजेंद्रला ठाऊक होतं. कारण त्याचा स्वतःचा रेडिओ, टॉवरवरून नेट पकडणारा डबा, याच कोपऱ्यात होता, दर आषाढात नेट जायचं, आणि दर आषाढात तो कोयता पिशवीत लपवून यायचा, दोन फांद्या उतरवायचा आणि खाली येऊन म्हणायचा – टॉवरची दिशा हलली होती, बसवली. फांदी आड आली होती हे सांगितलं तर कोण चहा पाजणार? पुंजाजी चहा पाजत, वर घड बांधून देत. सहा आषाढ.

तेव्हा टाकीपाशी लाव म्हणावं, तर कावून, का म्हणून, विचारतील, आणि फांद्यांची गोष्ट बाहेर येईल. पुंजाजी समोरच बसलेत.

हळदकुंकवाची वाटी आणि नारळ घेऊन बसलेले पुंजाजी आपणहून बोलले, "तुह्या वक्ती आषाढात लय तरास होये बाप्पा. एक डाव तं आख्खी खोली सडली केळाची. आता सुटलो."

सुटलो! एवढा एकच शब्द, आणि गजेंद्रच्या आत काहीतरी थंडपणे जागेवर बसलं. सुटा की. आषाढ येऊ द्या. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, पण सगळी विद्या कोणता गुरू देतो...

"कोपऱ्यातच लाव," तो म्हणाला. "केबल कमी लागते."

मनोजनं मान हलवली. का, कशासाठी, काही नाही. चार भोकं पाडली, तबकडीचा पाय त्यावर ठेवला, पुंजाजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि मनोजनं पाना गजेंद्रच्या हातात दिला.

"पयला बोल्ट तुमच्याच हातचा, भाऊ. मले या हातानंच शिकवलं."

गजेंद्र बसला. गुडघे वाजले. पान्यात बोल्ट धरला, एक आटा दिला, दुसरा दिला. हात सराईतपणे चालत होता. मनोजनं एकदा विचारलं असतं, कावून, एवढंच, तर मी सांगितलं असतं... सांगितलं असतं? बोल्ट गच्च बसला. तरी त्यानं आणखी अर्धा आटा दिला, आणि स्वतःच्या आत डोकावून पाहिलं तर बरगडीखालचं दुखणं नव्हतंच. मनोजची गाडी, टी-शर्ट, गुरुवारचे व्यापारी, काहीच खुपत नव्हतं. तिथं त्याच्याच रूपातला एक माणूस बसला होता, पाना घेतलेला, आणि तो काय काय करू शकतो याचा गजेंद्रला अंदाज येत नव्हता.

मनोज शेजारी उकिडवा बसून दुसरा बोल्ट पुढं करीत होता. अजून तीन बाकी होते. गजेंद्रनं हात पुढं केला, आणि तो बोल्ट घेण्यासाठी केला की मनोजचं मनगट धरून त्याला थांबवण्यासाठी, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.