मागच्या सीटखालची थरथर

विट्यात माझं गॅरेज होतं आणि माझे कान निकामी होते. फौजेत असताना शेजारी ट्रकचा टायर फुटला, तेव्हापासून समोरचा मोठ्यानं बोलला तरच कळायचं. त्यामुळे गाडीचा बारीक आवाज ओळखायला जालिंदरशिवाय मला इलाज नव्हता. जालिंदर माझा मिस्त्री, तोही फौजेच्या वर्कशॉपात शिकलेला. सत्तावन्न साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, पण गावाच्या तोंडी त्याची जुनी जातच होती. माझ्या तोंडी ती नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

चौसष्टच्या उन्हाळ्यात आटपाडीचे हिंदुराव गाडी घेऊन आले. लोकरीचे व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. गाडी सत्तेचाळीसची, विलायती, दोन्ही अंगांना पाय ठेवायला लांब पायरी असलेली. तीस मैलांच्या वर गेली की ती थरथरायची आणि खालून घुमल्यासारखा आवाज यायचा. त्यांना घाई होती. एकुलती एक लेक हरणाबाई बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मूल आडवं होतं. कळा सुरू व्हायच्या आधी हिला मिरजेच्या दवाखान्यात पोचवा, असं सुईणीनं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

जालिंदर गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब शाफ्ट फिरतो, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. गाडी उसळली की शाफ्ट त्या क्रॉसवर वाकतो. जालिंदरनं शाफ्ट धरून पिळून पाहिला, ढिलाई लागली नाही. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग मात्र सैल होतं. बाहेर येऊन त्यानं सांगितलं की चाक आवळतो, पण हा आवाज चाकाचा वाटत नाही. आतलं ग्रीस सुकून क्रॉस गंजला तर तो ढिला न लागता घट्टच लागतो, आणि एक दिवस तुटतो. चालत्या गाडीत मागं बसून सीटपुढच्या, पायाखालच्या फळीवर तळहात ठेवला, तरच ते कळेल.

हिंदुराव मला बाजूला घेऊन कानाशी आले.

"माझं काय न्हाई रं, नाथाजी. पर उद्या पोर त्याच शिटावर झोपून जानार. घरात माझ्या आईनं इचारलं तर काय सांगू?"

काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. त्याला बसू द्या, नाहीतर गाडी घेऊन जा, एवढंच. पण जुनं गिऱ्हाईक, त्यात लेकीच्या काळजीनं काळवंडलेला माणूस. मी जालिंदरला पायरीवर उभं राहायला सांगितलं आणि मागं मी बसतो म्हणालो. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि खिडकीची चौकट धरून तो पायरीवर चढला.

खानापूरच्या रस्त्यानं आम्ही तीन मैल गेलो. पायरीवर वारा, खडी आणि चाकांचा खडखडाट, त्यातून त्याला काय कपाळ ऐकू येणार? त्यानं खिडकीतून ओरडून मला हात ठेवायला लावला. मी वाकलो, फळीवर तळहात टेकला. मुंग्या याव्यात तशी थरथर थेट कोपरापर्यंत आली. हिंदुरावांनी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती कमी व्हायची, दाबला की परत यायची. एवढ्यात त्यांनी मागं वळून ओरडून विचारलं, काय म्हणते गाडी? मी त्यांच्या सीटमागं असा ओणवा, गड्यासारखा. मला लाज वाटली. रस्ताच खराब आहे म्हणालो आणि ताठ बसलो.

गॅरेजात आल्यावर जालिंदरनं विचारलं, हाताला काय लागलं? मी काही नाही म्हणालो. एकदा थरथर नाकबूल केली होती, आता कबूल कोणत्या तोंडानं करायची? त्यानं बेअरिंग आवळलं, हिंदुरावांबरोबर पायरीवर उभा राहून परत एक फेरी मारली, त्याला आवाज जरा कमी लागला. तरी शाफ्ट उतरवून बघू, असा त्याचा धोशा होता. त्याला अर्धा दिवस लागला असता. मी हिंदुरावांना जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिवघाटाच्या अलीकडं मागचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर पडला. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. हादऱ्यानं हरणाबाईला कळा सुरू झाल्या. उन्हाचा कहर, आसपास झाड नाही की वस्ती नाही. बैलगाडी मिळायला दुपार झाली. तोवर हरणाबाई गेली होती आणि मूल पोटातच राहिलं होतं.

तेरावा उरकून हिंदुरावांनी गाडी ट्रकला बांधून आणली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. जालिंदरनं तुटलेला क्रॉस काढून फडक्यावर ठेवला. त्याच्या टोकांतल्या सुईएवढ्या बारीक रोलरांचं गंजून पीठ झालं होतं. हिंदुरावांनी ते बोटानं चाचपून पाहिलं आणि जालिंदरला विचारलं.

"त्या दिशी हे कसं दिसलं न्हाई तुला?"

जालिंदर माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी बोलत नाही म्हटल्यावर तोच हिंदुरावांना म्हणाला, "मागं बसल्याबिगर कळत न्हाई, मालक. मला तुमी बसू दिलं न्हाई."

हिंदुरावांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा माणूस आता इथंच कोसळणार. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

"मागं तर तू हुतास, नाथाजी. हात ठिवला हुतास. काय लागलं हुतं?"

त्यांना होकार नको होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. हो म्हटलं असतं तर आम्ही दोघंही बुडालो असतो, ते आणि मी.

"काय न्हाई," मी म्हणालो. "काय सुदिक लागलं न्हाई."

हिंदुरावांनी श्वास सोडला. मग दोन पावलं पुढं होऊन त्यांनी जालिंदरच्या थोबाडीत मारली. आपली चूक माझ्या घरावर ढकलतोस, म्हणाले, आणि आणखी मारत राहिले. जालिंदरनं हात वर केला नाही. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी मध्ये पडलो नाही.