पिवळ्या खोलीतली बदली

आमच्या कारखान्यात जनावरांच्या खाद्यात घालायची जीवनसत्त्वं मिसळतात. बाकीची पोत्यांतून येतात आणि गुमान पडून राहतात. पण अ जीवनसत्त्वाचे नखरे फार. त्याला उजेड चालत नाही, हवा चालत नाही, उकाडा तर मुळीच नाही. म्हणून त्याची खोली वेगळी: गार, बिनखिडकीची आणि आत मंद पिवळे दिवे. ड्रम उघडायचा, लागेल तेवढं दाट तेल काढायचं आणि झाकण लावण्याआधी नळीने आत नायट्रोजन सोडायचा, म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते. सांडलेलं पुसलं तर ते फडकं कोपऱ्यात फेकायचं नाही. ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून पाण्याच्या डब्यात बुडवून वर झाकण लावायचं. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

दारावर पाटी आहे, की दिवस गेलेल्या किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बाईने आत काम करू नये. हे तेल अंगात गेलं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. आमच्या सुपरवायझरला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण बोलताना त्याच्या दातांतून हवा जाते. त्याने त्या पाटीचा आपल्यापुरता सरळ अर्थ लावलाय: आत एकतर पुरुष घालायचे, नाहीतर ज्यांचं आटपलंय अशा बायका. मला त्या खोलीवर टाकलं तेव्हा माझं वय चाळिशीला टेकलं होतं आणि दोनदा राहून दोनदा पडलं होतं. "तुम्हाला चालेल ना?" एवढंच त्याने विचारलं, तेही बुटांकडे बघत. मी "चालेल" म्हणाले. घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्याला वाटलं, पगारावरून काहीतरी झालं असेल.

आणि आता, शिट्टीने माझा निकाल लावून टाकल्यावर, मला दिवस गेले.

कळलं तेव्हा आनंद झाला म्हणाल तर नाही. आधी ते ड्रम आठवले. कळायच्या आधी मी त्या खोलीत काम करतच होते. हातमोजे, मास्क, चष्मा, सगळं घालून, पण गुदमरल्यासारखं झालं की मास्क नाकाखाली सरकवायची माझी खोड आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, पण आजपासून तिथे पाऊल टाकायचं नाही." पाऊल टाकायचं नाही म्हणे! ते पाऊल मागे कसं घ्यायचं ते कुणी सांगत नाही. त्या खोलीतून बदली मागणारी बाई एकाच कारणासाठी मागते, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. मागितली की संध्याकाळपर्यंत गल्लीभर.

आणि गल्लीभर झालं की काय होतं ते मी दोनदा भोगलंय. आधी कौतुक करायला येतात, मग त्याच बायका त्याच दारातून सांत्वनाला येतात. दुसऱ्या वेळी तर एकीने मला कुशीत घेऊन "नशिबात लागतं हो" म्हटलं, तेव्हा तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं होतं. या वेळी पोट दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही, असं ठरवलं होतं. नवऱ्याला सांगितलं की सासूबाईंना कळलंच. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

त्यात घरात धाकटी. माझी धाकटी जाऊ, लग्न होऊन वर्ष व्हायचंय, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला. गोड मुलगी, पण माझ्याशी हल्ली विचित्रच वागायची. मी स्वयंपाकघरात शिरले की तिचं आणि सासूबाईंचं बोलणं तुटायचं. सासूबाई तिच्या हातातली बादली काढून घ्यायच्या आणि मला बघून पुन्हा तिच्याच हातात द्यायच्या. माझा राग नाकावर असतो, हे सगळे सांगतात. मी धरून चालले, की दोघींचं माझ्याबद्दलच काहीतरी चाललंय.

तर डॉक्टरीणबाईंना भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिट्टीला गाठलं. "पाठ धरलीय," म्हटलं. "ड्रम तिरपा करणं जमत नाही. थोडे दिवस पॅकिंगला टाका."

मला वाटलं होतं, तो खोदून विचारेल. पण पाठीचं दुखणं कुणालाही पटतं. तो म्हणाला, "बरं. तुमच्या जावेला घेतो आत. तिचा हात चांगलाय. पुरुष माणूस एकही मोकळा नाही आज."

माझ्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकायला हवी होती. पण मी सुटले होते ना! सुटलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. मी एप्रन काढून खुंटीला लावला आणि मोकळा श्वास घेतला.

शिट्टीची विचारायची रीत अशी, की मिक्सर चालू असताना, सगळ्यांसमोर, लांबूनच ओरडायचं. "काय गं, पिवळ्या खोलीत जायला काही अडचण?" आता अशा वेळी कोणती बाई सांगेल? नियम पाळल्याचं समाधान त्याला मिळतं आणि बायका "नाही" म्हणून मोकळ्या होतात.

धाकटीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग म्हणाली, "नाही."

ती मास्क बांधायला लागली. गाठ बसेना. ती बादली माझ्या डोळ्यांसमोर आली, ते तुटलेलं बोलणं आलं, आणि डोक्यात लख्ख झालं. घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला सांगितलं नव्हतं, कारण मी बिचारी. मला वाईट वाटेल म्हणून ही पोरगी तोंडात मिठाची गुळणी धरून त्या खोलीत चालली होती.

इतका संताप आला मला! तिचा, सासूबाईंचा आणि सगळ्यात जास्त माझ्या पाठीचा, जिला काहीही झालेलं नव्हतं.

मी जाऊन तिचा मास्क ओढून काढला. "हिला आत नाही पाठवायचं," मी शिट्टीला सांगितलं. "हिला दिवस गेलेत."

धाकटीचा चेहरा पांढराफटक. शिट्टी कपाळाला हात लावून म्हणाला, "मग मॅडम, तुम्हीच जा आजच्या दिवस. मिक्सर थांबवता येत नाही. ड्रम तिरपा करायला हमाल देतो, तुम्ही फक्त तेल काढा."

किती सोपं होतं. पाठीचं कारण त्याने एका वाक्यात निकालात काढलं. क्षणभर खरंच वाटलं, जावं. एवढे दिवस गेलेच होते, आणखी एक. मी एप्रनकडे हातसुद्धा नेला. तो हात तिथेच राहिला.

"मलाही," मी म्हणाले.

"काय?" शिट्टी कानाला हात लावून.

"मलाही दिवस गेलेत."

"ऐकू येत नाही, मोठ्याने बोला!"

जे नवऱ्याच्या कानात सांगितलं नव्हतं, ते मी मिक्सरच्या वरताण आवाजात, सगळ्या कारखान्यासमोर किंचाळून सांगितलं.

त्यानंतर काय, बायकांचा घोळका. कुणी हात हातात घेतला, कुणी डोळे पुसले, एकीने तर नावसुद्धा सुचवलं. शिट्टी पुटपुटत स्वतःच एप्रन चढवून आत गेला. मी सगळ्यांना मान हलवत होते. झालं, आता जे व्हायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होणार. सांत्वनाला येणाऱ्या बायका मला आत्ताच त्या घोळक्यात दिसत होत्या.

धाकटी तेवढी बाजूला उभी राहून रडत होती. मी तिला दरडावलं, "माझ्यासाठी पोटातल्या जिवावर उदार झालीस? अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

"तुम्ही नव्हता का जात रोज?" ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं तेव्हा."

तिचं रडणं थांबलं. बाकीच्या अजून माझं अभिनंदन करत होत्या. ती जवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं, "ताई, माहीत नव्हतं तेव्हा किती ड्रम उघडलेत?"

मी तिचा हात घट्ट धरला, आणि कुणीतरी पुन्हा म्हणालं, "अभिनंदन हो!"