कुलपातली कुंभारीण

आश्विन सरता सरता आमच्या डिंगोरे गावच्या उन्हाला मवाळ पिवळेपणा येतो आणि अंगणातल्या गळक्या नळाखाली, ओल्या मातीवर, कुंभारीण माशी गुणगुणू लागते. तो बारीक स्वर कानी पडला की मला आत्या आठवते, कमरेत वाकलेली, डोळ्यांवर आडवा हात धरून त्या माशीच्या मागे मागे चालणारी.

माझे आईवडील लवकर गेले. मला वाढवलं ते विधवा होऊन माहेरी परतलेल्या ह्या आत्यानं, आणि माणसं ओळखायला शिकवलं तेही तिनंच, किड्यांवरून. शेणाच्या गोळ्यासाठी दोन शेणकिडे झटापट करताना दिसले की ती म्हणे, "बग, इलेक्शन आलं." मुंगळे समोरासमोर आले की डोक्याला डोकं लावून विचारपूस करतात, आणि आमची भावकी मात्र बांधावरून मान फिरवून जाते, ह्याचं तिला भारी नवल वाटे. कुंभारणीपुढे तिची थट्टा थांबे. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडे मानतात. सासरी आत्याच्या खोलीत तुळईवर असं घर झालं होतं. पाळणा हलला नाही, तरी ते मातीचं घर तिनं कुणाला पाडू दिलं नाही.

मी पुण्यात नोकरीला लागलो आणि आत्याच्या घरासमोर बंगला बांधला. गावात असे बंगले आता पुष्कळ आहेत, स्लॅबचे, रंगीत, आणि वर्षभर कुलूपबंद. कुंभारीणही इवलं घर लिंपते, आत अळ्यांची बेगमी भरते, अंडं घालून दार बुजवते. पिल्लू भिंत फोडून उडून जातं, मागं वळून पाहत नाही. आत्या म्हणे, "पर ती शाणी हाय. लिंपून निगून जाती. वाट बगत बसत न्हाई."

दिवाळीला मी येई तो एका रात्रीपुरता, बंगल्यातच उतरून सकाळी परतण्याच्या बेतानं. एका दिवाळीत कुलपात किल्लीच जाईना. भोक मातीनं बुजलं होतं. मी काडी शोधू लागलो तशी आत्या आडवी आली.

"हात लावू नगं! लेकुरवाळीचं घर हाय ते. पिलं उडूस्तवर माज्याकडं ऱ्हा."

राहिलो. तिच्या चुलीपुढे बसून गरम भाकरी खाल्ली, दुपारी तिच्या ओसरीवर झोपलो, लहानपणी झोपायचो तसा गाढ. चौथ्या दिवशी निघताना सहज कुलपाकडे पाहिलं. वाळल्या मातीवर बोटाचा ठसा होता, रेघ न् रेघ उमटलेला.

पुढे दर दिवाळीला कुंभारीण न चुकता कुलूप लिंपत गेली आणि मी न चुकता फसत गेलो. पण चारच दिवस. पाचवा दिवस मी तिला कधी दिला नाही, ह्याची आज लाज वाटते.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. ह्या दिवाळीला नळ तसाच गळत होता, माशी तशीच गुणगुणत होती. मी किल्ली लावली आणि कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडलं. आत पाऊल टाकवेना. काळ असा एकेक कुलूप मोकळं करत जातो, आणि आपण किल्ली हातात धरून उंबऱ्याशी उभे राहतो, कुणीतरी आडवं यावं म्हणून.