शेवटच्या कडव्यातली जागा

बुद्धभूषणने पुष्कळांची गाणी ऐकली होती. मनिरामची मात्र त्याने चोरून ऐकली. बुद्धभूषणच्या आमगावच्या भीमगीतांच्या पार्टीत हाच मनिराम कित्येक वर्षे मागे बसून की-बोर्ड वाजवीत असे. पुढे तो निघून गेला, गोंदियाची चार मंडळी जमवून त्याने नव्या धाटणीचा बँड उभारला आणि ‘उंबऱ्याच्या आत’ नावाचा अल्बम काढला. ढोलकीचा दणका नाही, कोरस नाही. सोल-पॉप म्हणतात तसली, स्वतःशीच बोलणारी गाणी. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर आता तीच वाजत.

“याच्यात हाय काय?” बुद्धभूषण पत्नीला म्हणाला. “ना जोर, ना जोश. शेवटच्या कडव्यात कवीचं नावबी नाही!”

तांदूळ निवडणाऱ्या दुर्गाने मानही वर केली नाही. “मंग तुमी रोज काऊन आयकून राहिले?”

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव गुंफणे ही गायकीची रीतच. बुद्धभूषण हात उंचावून स्वतःचे नाव घेई, तेव्हा मंडप दणाणून जाई. मनिरामच्या गाण्यात त्या जागी नुसता की-बोर्ड हळुवार वाजत राही, आणि तेच बुद्धभूषणला सहन होत नसे.

चिचगडच्या कार्यक्रमात लोकांनी नेमके ‘उंबऱ्याच्या आत’मधलेच एक गाणे मागितले. पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून मनिराम बसलेला. नाही म्हणणे म्हणजे हार. तेव्हा बुद्धभूषण गायला. शेवटची मोकळी जागा आली, त्याचा हात वर गेला आणि त्याने ठोकून दिले, “बुद्धभूषण सांगे...”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरताच, भांडायच्या तयारीनेच, त्याने मनिरामला गाठले.

“माह्या नावानं गायलो. राग नाही आला?”

“कायले येईन गा? जागा खाली होती. तुले पाहिजे होती, तू घेतली.” मनिराम हसला. “गायला मात्र झकास!”

तो चहाकडे वळला. बुद्धभूषण तिथेच उभा राहिला. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

देवरीच्या कार्यक्रमात पुन्हा त्याच गाण्याची फर्माईश झाली. या खेपेस मनाशी पक्के ठरवून तो माइकसमोर उभा राहिला : मनिरामला जे जमते, ते आपल्यालाही जमलेच पाहिजे. ती जागा आली. त्याने ओठ घट्ट मिटले. की-बोर्ड एकटाच वाजू लागला.

तोच मंडपातून हसत-खिदळत लोकांनीच आरोळी दिली, “बुद्धभूषण सांगे!”

त्याचा हात केव्हाच वर गेला होता.