सरलाबाईंनी मला प्लास्टिक चढवलं

सरलाबाई रोज सकाळी मला कोरड्या फडक्यानं घसाघसा पुसायच्या आणि वर म्हणायच्या, "बघा, कशी आरशासारखी ठेवलीय." त्यांना कोण सांगणार, की बाई, तुम्ही मला पुसतच नाही. माझ्यावर तुम्हीच चढवलेलं प्लास्टिक पुसता. मी त्याच्याखाली गुदमरते आहे.

मित्रांनो, मी एक जुनी, निळी रबरी चटई आहे. पाय पुसायची नव्हे, कामाच्या टेबलावरची. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्याच कोपऱ्यावर काहीतरी छापलंय, तेही मला वाचता येत नाही. पण वीज मला कळते. इथं अमेरिकेत, शॉमबर्ग गावात, हिवाळ्यात घराघरांत हीटर चालतो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. मोजे कार्पेटवर घासत आलात आणि दाराच्या मुठीला हात लावलात, की चट्‌ करून झटका बसतो ना? तीच ती. तुम्हाला नुसता चिमटा काढते, रोबोटच्या सर्किट बोर्डाचा मात्र जीव घेते. तिला अंगावर घ्यायचं आणि माझ्या वायरीतून भिंतीतल्या अर्थिंगला गुपचूप पोचवायचं, हे माझं काम.

कारखान्यातून निघाले ती थेट एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. अकरा वर्षं तिथं झटके खाल्ले. रया गेली तेव्हा त्यांनी मला टाकायला काढलं. पुण्याहून शिकायला आलेल्या प्रथमेशनं मला उचललं आणि इथल्याच प्रसन्न नावाच्या मराठी गृहस्थाच्या घरी, बेसमेंटमध्ये आणलं. तिथं तो शाळेतल्या मुलांना रोबोट बनवायला शिकवतो. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "आधी हिची वायर भिंतीला, मग पट्टा मनगटाला, पट्ट्याचं टोक हिच्या बटणाला. मगच बोर्डाला हात. आणि मोटरच्या वायरी कॅमेऱ्याच्या वायरीपासून लांब ठेवा. मोटरची कटकट त्यालाही सहन होत नाही."

दोन वर्षं एकही बोर्ड गेला नाही. माझं नाव कोणी काढलं नाही. जे बिघडत नाही त्याचं कौतुक कोण करतो?

डिसेंबरात प्रसन्नच्या आई, ह्या सरलाबाई, नागपूरहून आल्या. आल्या दिवसापासून घरातल्या वस्तूंना अंगडी-टोपडी सुरू. रिमोटला पिशवी, मिक्सरला झबलं. मग बेसमेंटमध्ये उतरल्या. "अगंबाई, एवढी कामाची चटई, आणि अशी उघडी?" म्हणाल्या आणि जाड पारदर्शक प्लास्टिक आणून चारी बाजूंनी घट्ट खोचलं. बटणापुरतं नेटकं भोक कापलं, हात कसबी आहे बाईंचा. टेबलामागची माझी वायर मात्र खोचताना आड येत होती. ती काढली, गुंडाळली, रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये टाकली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मलाही जपावं असं जन्मात पहिल्यांदाच कोणाला वाटलं होतं. मी मिरवत राहिले. तिथंच चुकले.

सरलाबाईंची नात उल्का आठवीत आहे. रोबोटच्या सगळ्या वायरी तीच जोडते. मंगळवारी तिनं नेहमीसारखा पट्टा मनगटाला बांधला, टोक बटणाला लावलं, बोर्ड हातात घेतला. बोर्ड गेला. दिवा पेटेना. रोबोटची स्पर्धा शनिवारी.

"तूच जाळलास यार," टीममधला निहार म्हणाला. ठरलं असं, की दुसऱ्या टीमकडून एक बोर्ड उसना मिळतो आहे. तोही गेला तर स्पर्धा विसरायची. म्हणून तो निहार जोडेल, उल्कानं वायरींना हात लावायचा नाही. पोरीनं मनगटाचा पट्टा सोडून ठेवला. जिन्यावरून सरलाबाई बोलल्या, "धांदरटच आहे ती. बापावर गेलीय." बाप म्हणजे आपलाच मुलगा, हे विसरून.

गुरुवारी मुलं उसन्या बोर्डाची वाट बघत होती. सरलाबाई मुलांसाठी कच्चा चिवडा कालवायला मुरमुऱ्यांचं भांडं घेऊन खाली आल्या आणि अर्धे माझ्यावर सांडले. लागल्या फडक्यानं पुसायला. जितकं पुसावं तितके मुरमुरे जास्तच चिकटत. दोन-चार तर उड्या मारून त्यांच्या स्वेटरच्या बाहीला लागले.

"मेले निघत का नाहीत?"

कोपऱ्यात बसलेली उल्का उठली. तिनं हात प्लास्टिकजवळ नेला. हातावरची लव उभी राहिली.

"आजी, स्टॉप. पुसू नकोस." ती टेबलाखाली शिरली आणि तिथूनच विचारलं, "इथली वायर कुठेय?"

"ड्रॉवरमध्ये. छान गुंडाळून ठेवलीय."

"म्हणजे पुसून पुसून प्लास्टिकवर वीज साचतेय, आणि तिला जायला वायरच नाही," उल्का म्हणाली. प्लास्टिक निघालं, वायर भिंतीला लागली आणि तीन आठवड्यांनी मी माझ्या कामाला लागले. प्रथमेश बोर्ड घेऊन आला. निहारनं तो उल्कापुढे सरकवला. तिनं पट्टा बांधला, एकेक वायर जोडली. हिरवा दिवा लागला.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर तिचं काम काय, ते आधी बघा. झाकून ठेवलेली प्रत्येक वस्तू सुखात असते असं नाही.

सरलाबाई जिन्यात बसून प्लास्टिकची घडी घालत होत्या. "मी तर जपायलाच घातलं होतं," असं त्या घडीलाच सांगत होत्या. उल्का मान खाली घालून वायरी बांधत होती. तिची माफी कोणी मागितली नव्हती. मग मला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले,

"सरलाबाई, प्लास्टिकचं मी मनावर घेत नाही, ते मलाही आवडलं होतं. पण पोरीला धांदरट म्हणालात ते जिन्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आता तिथूनच, तेवढ्याच मोठ्यानं, ते परत घ्या."